हृदयाला पहारेकरी देणारे कै. डॉ. मिशेल मिरोवस्की

आमच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक धातूची पेटी बसविलेली आहे. केलीव्हिलला आमच्या घरी येणारे स्नेही प्रथम प्रकृतीची विचारपूस करतात आणि चहा झाला की हळूच विचारतात, की ती पेटी हाताला लागते काय, आणि लागली तर झटका बसतो काय. हाताला लागते. उगाच हात लावला म्हणून झटका बसत नाही. वर्षभर हेच प्रश्न ऐकल्यावर आम्हाला वाटू लागले, की ज्या गृहस्थांनी ही पेटी शोधून काढली त्यांची हकीकत एकदा आपल्या वार्तापत्राच्या मराठी पानांवर यावी. ते गृहस्थ आपल्याच धर्माचे होते आणि पाच वर्षे रामल्याजवळच्या इस्पितळात डॉक्टर होते हे कळल्यावर तर राहवेना.

प्रथम दुखणे काय ते सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट समजेल. हृदयाचे चार कप्पे असतात, दोन वरचे व दोन खालचे. ठोक्याची बारीकशी वीज वरच्या कप्प्यात उत्पन्न होते, ती खाली जाते आणि खालचे कप्पे आवळून रक्त सर्व शरीरभर ढकलतात. हा ठेका बिघडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे ठोके मंद होणे. त्यावर पेसमेकर असतो, तो आपल्यापैकी बऱ्याच वडीलधाऱ्यांना बसविलेला आहे. दुसरी तऱ्हा याच्या उलट. खालचे कप्पे वरच्यांचे ऐकेनासे होतात आणि आपल्याच मर्जीने मिनिटाला दीडशे, दोनशे किंवा त्याहूनही जास्त वेगाने धावू लागतात. आपले पूर्वज कुलाबा जिल्ह्यात घाणा चालवीत. घाण्याचा बैल बिथरून धावत सुटला तर घाणा फिरतो पण तेल गळत नाही, तसे होते. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे हृदय ठोका न देता नुसते थरथरत राहते. माणूस काही सेकंदांतच बेशुद्ध पडतो. या वेळी विजेचा एक जोरदार धक्का दिला तर थरथर थांबते आणि नैसर्गिक ठेका पुन्हा धरला जातो. उशीर झाला तर दर मिनिटाला वाचण्याची आशा सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते.

आम्हाला ही दुसऱ्या तऱ्हेची व्याधी आहे. एकदा स्वयंपाकघरात आणि एकदा मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर आम्ही पडलो, तेव्हा ती उघडकीस आली.

आता आमच्या गावाविषयी दोन शब्द. केलीव्हिल हे सिडनीच्या वायव्येचे उपनगर. एके काळी येथे फळबागा होत्या, आता घरेच घरे आहेत. २०१९ साली मेट्रो आली आणि मराठी शब्द कानावर पडल्याशिवाय बाजार होत नाही इतके आपले लोक आले. हृदयाला विजेची मदत देण्याच्या इतिहासात या सिडनीचे नाव अगदी आरंभी येते, हे येथे राहणाऱ्यांनाही फारसे ठाऊक नसते. शहरातल्या क्राउन स्ट्रीटवरील स्त्रियांच्या इस्पितळात डॉ. मार्क लिडविल यांनी १९२० नंतरच्या दशकात एका निपचित जन्मलेल्या बाळाच्या हृदयात सुई घालून तिच्यातून ठराविक अंतराने वीज सोडली. दहा मिनिटांनी यंत्र बंद केले तर हृदय आपले आपण चालू लागले आणि ते मूल वाचले. यंत्र बनविण्यास विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे एडगर बूथ यांनी मदत केली होती. १९२९ साली लिडविल यांनी ही हकीकत वैद्यकीय परिषदेत सांगितली, पेटंट काही घेतले नाही, आणि गोष्ट बरीच वर्षे विसरली गेली. लिडविल हे हाडाचे मासेमार. १९१३ साली गळ-दोरीने काळा मार्लिन मासा पकडणारे ते पहिलेच, आणि त्या माशापायी त्यांचे नाव निदान मासेमारांत तरी राहिले. ते १९६९ साली वारले.

दुसरी गोष्ट केरी पॅकर यांची. क्रिकेटची आवड असणाऱ्या वाचकांना हे नाव नव्याने सांगावयास नको. ऑक्टोबर १९९० मध्ये सिडनीतील वॉर्विक फार्म येथे पोलो खेळत असताना त्यांचे हृदय थांबले. त्या काळी न्यू साउथ वेल्सच्या फार थोड्या रुग्णवाहिकांत विजेचा धक्का देणारे यंत्र असे. जी गाडी आली तीत ते नशिबाने होते. पॅकर वाचले, आणि राहिलेल्या सर्व गाड्यांत ते यंत्र बसविण्याचा निम्मा खर्च त्यांनी उचलला, निम्मा सरकारने. उत्तम झाले. परंतु पॅकरसाहेबांच्या मैदानाशी गाडी वेळेवर आली. ज्याच्या दाराशी ती येत नाही त्याने काय करावे? हा प्रश्न एका माणसाने पॅकर पडण्याच्या चोवीस वर्षे आधी स्वतःला विचारला होता, आणि त्याच १९९० सालच्या मार्चमध्ये त्या माणसाचा अंत झाला होता.

त्यांचे जन्मनाव मोर्दखय फ्रिडमन. जन्म वॉर्सा शहरी, १४ ऑक्टोबर १९२४ रोजी. लहानपणीच आईचे छत्र हरपले. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनांनी पोलंड घेतले, तेव्हा मुलगा पंधरा वर्षांचाही नव्हता. यहुदी नाव म्हणजे मरण हे ओळखून वडिलांनी त्याचे नाव बदलले आणि म्येचिस्वाव मिरोवस्की असे पोलिश वळणाचे नाव ठेवले. पुढे फ्रान्समध्ये म्येचिस्वावचे मिशेल झाले, मिरोवस्की मात्र कायम राहिले. बापाने भीतीपोटी दिलेल्या नावाने मुलगा जगाला माहीत झाला.

त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून वॉर्सातील यहुद्यांनी दंडावर ताऱ्याची पट्टी बांधलीच पाहिजे असा हुकूम निघाला. मुलाला ते सोसवेना. एका मित्राला घेऊन तो घर सोडून पूर्वेकडे, रशियाच्या ताब्यातील मुलखात गेला. घरातील सर्व मंडळी मागे राहिली. पाच वर्षे तो रशियात आणि मध्य आशियापर्यंत भटकत राहिला, आणि १९४४ साली पोलिश सैन्यातील तरुण अधिकारी म्हणून परत आला तेव्हा त्याच्या कुटुंबातील एकही माणूस जिवंत नव्हते. युद्धावर आजवर इतके लिहिले गेले आहे की आम्ही येथे थांबतो. एवढेच ध्यानात ठेवावे, की पुढे जो माणूस एका शिक्षकाच्या मृत्यूने इतका हलला, त्याने युद्धात गेलेल्या आपल्या एकाही माणसाचा मृत्यू जवळून पाहिला नव्हता आणि त्यांच्यातील एकाच्याही कबरीवर दगड ठेवला नव्हता.

गडान्स्क येथे वैद्यकीचे एक वर्ष करून मिरोवस्की पॅलेस्टाईनला गेले. तेथे त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. म्हणून फ्रान्समधील लियाँ गाठले, १९४७ साली. ज्या भाषेत शिकायचे ती भाषाही शिकता शिकताच शिकायची, असा प्रकार. आपल्यातील जे लोक १९५० नंतर इस्राएलात जाऊन मराठी तोंडाने हिब्रू बोलू लागले, त्यांना हे हाल काय असतात ते सांगावयास नको. लियाँमध्येच त्यांची आना यांच्याशी गाठ पडली व विवाह झाला. पुढे त्यांना तीन मुली झाल्या.

पदवी घेऊन ते इस्राएलला परतले आणि तेल हाशोमेर येथील इस्पितळात प्रा. हॅरी हेलर यांच्या हाताखाली लागले. तेल हाशोमेर याचा अर्थ पहारेकऱ्याची टेकडी. हेलर हे नुसते वरिष्ठ नव्हते. ज्याला वडील उरले नाहीत अशा तरुणाला वडिलांच्या जागी एक माणूस मिळाला, असे म्हटले तर चूक होणार नाही. हृद्रोगाचे पुढील शिक्षण घेण्यास मिरोवस्की मेक्सिकोच्या प्रसिद्ध हृद्रोग संस्थेत गेले, तेथून बाल्टिमोरला डॉ. हेलन टाउसिग यांच्याकडे. टाउसिगबाई म्हणजे निळ्या बालकांची शस्त्रक्रिया ज्यांच्या कल्पनेतून निघाली त्या. कानांनी जवळजवळ बहिऱ्या होत्या आणि लहान मुलांचे हृदय बोटांच्या टोकांनी ऐकत. अशा गुरूंच्या हाताखाली शिकून मिरोवस्की १९६३ साली पुन्हा इस्राएलला आले आणि आसाफ हारोफे इस्पितळात हृद्रोगाचे एकमेव तज्ज्ञ म्हणून काम पाहू लागले. हे इस्पितळ रामल्याजवळ त्झ्रिफीन येथे आहे; २०१७ पासून त्याचे नाव शमीर असे झाले आहे. रामले व लोद येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांचे जवळचे इस्पितळ तेच.

आता मुख्य गोष्ट. १९६६ च्या सुमारास हेलर यांना तोच विकार जडला ज्याचे वर्णन आम्ही वर केले. खालचे कप्पे अचानक धावू लागत. पुन्हा पुन्हा इस्पितळात आणले जाई, उपचार होत, ठेका बसे, घरी पाठवले जाई. हाताशी दोन-तीनच औषधे होती आणि तीही बेभरवशाची. हा रोग हेलर यांना नेणार हे मिरोवस्की यांना स्पष्ट दिसत होते, आणि हेलर स्वतः डॉक्टर असल्याने त्यांनाही दिसत असलेच पाहिजे. तसेच झाले. घरच्या मंडळींबरोबर जेवणाच्या मेजावर बसले असता ते कोसळले.

मिरोवस्की यांनी पुढे या मृत्यूचा विचार फार केला. हेलर यांना वाचवता आले असते काय? इस्पितळात ठेवले असते तर, होय. धक्का देण्याचे यंत्र खाटेशेजारी असते. पण माणसाला जन्मभर खाटेवर कसे ठेवणार? आणि घरी पाठवावे तर यंत्र इस्पितळात राहते. तेव्हा यंत्रानेच माणसाबरोबर घरी गेले पाहिजे, त्याच्या शरीरात राहिले पाहिजे, त्याने हृदयावर रात्रंदिवस नजर ठेवली पाहिजे, आणि वेळ आली की कोणालाही न विचारता धक्का दिला पाहिजे. विचार इतका साधा होता. पेसमेकर शरीरात बसवता येतो हे तोवर सिद्ध झालेच होते. मिरोवस्की यांनी जाणकारांना विचारले, तर सर्वांनी वेड्यात काढले. त्या काळचे धक्क्याचे यंत्र तेरा ते अठरा किलो वजनाचे असे. ते सिगारेटच्या पाकिटाएवढे होणे शक्य नाही, असा सर्वांचा निर्वाळा पडला.

इस्राएलात त्या वेळी असल्या कामाला लागणारी यंत्रसामग्री व तंत्रज्ञ नव्हते. म्हणून १९६८ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, बायको-मुलींसह ते पुन्हा बाल्टिमोरला आले. देश सोडणे त्यांना सोपे गेले नसणार, तेथे पोहोचायलाच त्यांना अर्धे जग फिरावे लागले होते. बाल्टिमोरच्या सीनाय इस्पितळाने त्यांना हृद्रोग अतिदक्षता विभागाचे प्रमुख केले आणि अर्धा वेळ संशोधनाला दिला. या अर्ध्या वेळासाठीच ते आले होते.

तेथे डॉ. मॉर्टन मोवर हे तरुण सहकारी मिळाले. तळघरातील प्रयोगशाळा, पैसा नाही, साहित्य जमेल तेथून गोळा केलेले. पण १९६९ सालीच त्यांनी एका कुत्र्यावर सिद्ध करून दाखवले, की धक्का छातीवरून न देता हृदयाच्या आतून दिला तर फार थोडी वीज पुरते. बाहेरून दोनशे ते चारशे ज्यूल लागत, आतून वीस-तीस. तेरा किलोचे ओझे पाव किलोवर आणण्याची किल्ली हीच होती. वीज कमी म्हणजे ती साठवणारा भाग लहान, बॅटरी लहान, पेटी लहान.

यावर वैद्यक जगताने काय केले? निबंध परत आला. मग दुसरीकडे छापला गेला, १९७० साली. १९७२ साली हृद्रोगाच्या एका मोठ्या नियतकालिकात डॉ. बर्नार्ड लाउन व त्यांचे एक सहकारी यांनी या यंत्रावर कडाडून टीका केली. ज्या रोग्यांना त्याची गरज आहे त्यांना खरे तर औषध किंवा शस्त्रक्रिया हवी, आणि हे यंत्र म्हणजे अपुरे उत्तर हाती घेऊन त्याला शोभेल असा प्रश्न शोधत हिंडण्यासारखे आहे, असा एकंदर सूर होता. लाउन काही ऐरेगैरे नव्हते. छातीवरून एकाच दिशेच्या विजेचा धक्का देण्याची आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत त्यांनीच १९६२ च्या सुमारास रूढ केली. तेही पूर्व युरोपातून आलेले यहुदीच, लिथुआनियाचे. त्यांचा शब्द म्हणजे प्रमाण. पेसमेकर बनविणाऱ्या एका बड्या कंपनीनेही, याला गिऱ्हाईक मिळणार नाही असा हिशेब करून, अंग काढून घेतले.

आम्हाला येथे लाउनसाहेबांची बाजूही मांडली पाहिजे. हृदयाच्या गाठोड्यात वीज भरलेली पेटी घालणे हे खरोखरच धाडस होते. यंत्राने चुकून धक्का दिला तर? शुद्धीवर असलेल्या माणसाला दिला तर? ज्यांना तो बसला आहे ते छातीत घोड्याने लाथ मारल्यासारखे वाटते असे सांगतात. हे भय खोटे नव्हते. आजही काही रोग्यांना चुकीचे धक्के बसतात. परंतु टीकाकार प्रश्न विचारून घरी जातो आणि ज्याचा शिक्षक जेवणाच्या मेजावर गेला तो पुन्हा तळघरात जातो, एवढाच फरक.

१९७२ सालीच पिट्सबर्गजवळचे डॉ. स्टीफन हाइलमन भेटले. ते स्वतः डॉक्टर असून वैद्यकीय यंत्रे बनविण्याचा लहानसा कारखाना चालवीत. त्यांनी आपले तंत्रज्ञ या कामास लावले. त्यांच्यातील अलोइस लँगर यांनी सोडवलेली एक अडचण सांगण्यासारखी आहे. थरथर सुरू झाली हे निर्जीव पेटीला कळावे कसे? आपण कार्डिओग्रामचा कागद पाहिला असेल. निरोगी हृदयाची रेष ठोक्याला वर उसळते आणि मग दुसरा ठोका येईपर्यंत सपाट चालते, म्हणजे बहुतेक वेळ ती विसावा घेत असते. थरथरणाऱ्या हृदयाची रेष सपाट अशी राहतच नाही. तेव्हा पेटीने ठोके मोजत न बसता एवढेच पाहावे, की रेष विसावा घेते आहे की नाही. आम्हाला ही युक्ती फार आवडली. माणसाच्या बाबतीतही ती खरी ठरावी!

१९७५ पर्यंत कुत्र्याच्या शरीरात संपूर्ण यंत्र बसले. त्याचे एक चलच्चित्र त्यांनी काढले. कुत्रा उभा आहे, मुद्दाम त्याच्या हृदयाची थरथर सुरू केली जाते, तो कोसळतो, काही सेकंद निश्चल पडतो, अंगाला हिसका बसतो, आणि उठून शेपटी हलवू लागतो. चित्र पाहून कित्येक डॉक्टर म्हणाले की कुत्र्याला पडण्याचे शिकवलेले असेल. तेव्हा पडद्यावर कुत्र्याच्या बाजूलाच त्याच्या हृदयाची रेष दाखवावी लागली. कुत्र्याला पडायला शिकवता येईल, पण त्याच्या हृदयाला कोण शिकवणार?

४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात एका सत्तावन्न वर्षांच्या बाईंना पहिली पेटी बसवली गेली. त्या कॅलिफोर्नियाच्या. त्यांचे हृदय पूर्वी अनेकदा थांबून पुन्हा चालू झाले होते. शस्त्रक्रिया डॉ. लेव्हाय वॉटकिन्स यांनी केली. हे कृष्णवर्णी शल्यविशारद अलाबामा राज्यात वाढले आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मंडळीत लहानाचे मोठे झाले. नाझींच्या हातून सुटलेला एक यहुदी आणि गोऱ्यांच्या बसमध्ये मागे बसावे लागणाऱ्या समाजातला एक माणूस, अशा दोघांच्या हातून हे काम पार पडले. पेटी सुमारे पाव किलोची होती आणि ती पोटाच्या कातडीखाली ठेवत. छाती उघडून तारा हृदयापर्यंत न्याव्या लागत. थरथर सुरू झाल्यापासून धक्का देईपर्यंत पेटीला पंधरा-वीस सेकंद लागत. चाचणीच्या वेळी हृदय मुद्दाम थरथरवून हे सेकंद खोलीतील मंडळींना मोजत उभे राहावे लागे. वाचकहो, घड्याळ लावून वीस सेकंद मोजून पाहा.

सुरुवातीला ही पेटी ज्याचे हृदय निदान दोनदा थांबून तो दोनदा परत आला आहे, अशालाच देत. म्हणजे दोनदा मरून दाखविल्याशिवाय मिळत नसे. ऑक्टोबर १९८५ मध्ये अमेरिकन सरकारने तिला सर्वसाधारण मान्यता दिली. योगायोग असा, की डॉ. लाउन यांनी अण्वस्त्रांविरुद्ध स्थापन केलेल्या डॉक्टरांच्या संघटनेला शांततेचे नोबेल पारितोषिक त्याच महिन्यात जाहीर झाले. दोघांनीही आपापल्या रीतीने अपमृत्यूशीच झुंज दिली. कोणी कोणाची क्षमा मागितली नाही, आणि मागण्याचे कारणही नव्हते.

मिरोवस्की यांना यश पाहावयास मिळाले, पण पुरते नाही. ज्यावर त्यांच्या पेटीचा काही उपयोग नव्हता असा अस्थिमज्जेचा कर्करोग त्यांना झाला, आणि २६ मार्च १९९० रोजी वयाच्या पासष्टाव्या वर्षी बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर पेटी लहान होत गेली, छाती उघडण्याची गरज राहिली नाही, तारा शिरेतून जाऊ लागल्या, आणि दोनदा मरण्याची अटही गेली. मोवर मात्र २०२२ पर्यंत होते.

येथे अंगावर घालण्याच्या उपकरणांविषयीही सांगितले पाहिजे, कारण आपल्या काही वाचकांना तीही दिली गेली आहेत. हाइलमन यांनी १९८६ साली दुसरा कारखाना काढला आणि पेटीचे काम बाहेरून करणारी बंडी तयार केली. २००१ साली तिला मान्यता मिळाली. ती सदऱ्याच्या आत घालतात, विजेरी कमरेला असते, आणि फक्त अंघोळीपुरती काढतात. ज्याचे हृदय नुकतेच दुबळे झाले आहे, पण सुधारेल अशी आशा आहे, त्याला काही महिने ही बंडी देऊन वाट पाहतात. धोका वाटला की ती आधी मोठ्याने इशारा देते. माणूस शुद्धीवर असेल तर त्याने बटणे दाबून धरावीत, म्हणजे धक्का थांबतो. बटणे रोग्यानेच दाबायची, शेजारच्याने नव्हे, कारण दाबता येणे हीच शुद्धीची खूण. आणि ठोक्यांची फक्त नोंद करणारे यंत्र, ज्याला होल्टर म्हणतात, तेही याच घराण्यातले. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील नॉर्मन होल्टर यांचे १९४७ सालचे पहिले यंत्र अडतीस किलोंचे होते आणि ते पाठीवर बांधून चालावे लागे. आम्हाला दिले ते छातीवर चिकटवण्याच्या पट्टीएवढे होते. सूनबाईंना ते पहिल्या दिवशी दिसलेच नाही.

पेटीबरोबर राहणे कसे असते, ते थोडक्यात. पहिले काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर नेऊ देत नाहीत, त्यामुळे सेफेर तोरा उचलण्याचा आमचा मान त्या महिन्यात दुसऱ्याकडे गेला. मोबाइल डाव्या खिशात ठेवत नाही. चुंबकाच्या चुलीपासून हातभर दूर उभे राहतो, म्हणजे स्वयंपाकघरातील आमची लुडबुड पत्नीच्या दृष्टीने एकदाची संपली. विमानतळावर कार्ड दाखवून हाताने तपासणी करवून घेतो. मोटार चालविण्यास काही महिने मनाई होती; केलीव्हिलसारख्या ठिकाणी मोटारीवाचून माणूस लंगडा होतो, आणि आमची प्रार्थनालये शहराच्या दुसऱ्या अंगाला, तेव्हा शब्बाथ घरीच झाला. खाटेशेजारी एक लहान यंत्र ठेवले आहे, ते रात्री पेटीतील नोंद इस्पितळाला कळवते. त्याचा हिरवा दिवा पाहून झोपण्याची सवय झाली आहे.

सर्वांत कठीण म्हणजे वाट पाहणे. पेटीने आम्हाला आजवर एकदाच धक्का दिला. शुक्रवारची संध्याकाळ होती, मनुकांच्या सरबताचा पेला हातात होता, घरची सर्व मंडळी मेजाभोवती उभी होती. डोळ्यांपुढे अंधारी आली, मग छातीत लाथ बसली, आणि आम्ही जमिनीवर बसलेले होतो. सरबत सदऱ्यावर सांडले होते आणि नातू रडत होता. रुग्णवाहिका तेरा मिनिटांनी आली. त्यांनी तिचे काम आधीच झालेले पाहिले. त्या वेळी आम्हाला प्रा. हेलर हे नाव माहीत नव्हते. नंतर वाचले तेव्हा ते जेवणाचे मेज डोळ्यांपुढून हलेना.

रामले, लोद किंवा आसपासच्या गावांतील ज्या वडीलधाऱ्यांना १९६३ ते १९६८ च्या दरम्यान आसाफ हारोफे इस्पितळात डॉ. मिरोवस्की यांनी तपासले असेल, किंवा ज्यांनी तेथे परिचारिका, स्वयंपाकी अगर कारकून म्हणून काम केले असेल, त्यांनी आपल्या आठवणी, दोन ओळी का होईनात, या वार्तापत्राकडे पाठवाव्यात. डॉक्टरसाहेब रोग्यांशी कोणत्या भाषेत बोलत, आणि आपल्या लोकांच्या मोडक्या हिब्रूला हसत की नाही, हे जाणून घेण्याची आम्हाला फार उत्सुकता आहे.